सकाळी आठ, उपाशीपोटी

सोहारच्या रिफायनरीत माझं काम काट्यांचं.
प्रेशरचा काटा खरं बोलतोय का,
ते त्याहून खऱ्या काट्याशी ताडून बघायचं,
हिरवा स्टिकर लावायचा, तारीख टाकायची.
सतरा वर्षांत
स्वतःला एकदाही कशाशी ताडलं नाही.

सुरुवात कधी झाली सांगता येत नाही.
रोजची दाढी तीन दिवसांवर गेली,
वाटलं, इथलं पाणीच खारं.
टाकीचा जिना अर्ध्यात मला बसवायला लागला,
वाटलं, ऑगस्ट आहे.
शौकतने डाळीत मीठ जास्त घातलं
म्हणून मी थाळी भिरकावली,
आणि बाथरूमचा नळ सोडून रडलो.
मीठ तसं फार नव्हतं.

आणि ते दुसरं.
त्याला आपल्याकडे धड शब्द नाही.
आहेत ते शिव्यांत,
नाहीतर एसटी स्टँडच्या मुतारीत, भिंतीवर,
खाली फोन नंबर.

मार्चमध्ये सुट्टी. अठ्ठावीस रात्री.
हेमांगीने ट्रंकेतली चादर काढली,
डांबरगोळ्यांच्या वासाची, न वापरलेली.
पहिल्या रात्री म्हणालो, प्रवासाचा शीण.
दुसऱ्या रात्री, घड्याळ बदललंय ना.
दोन घड्याळांत फरक दीड तासाचा.
विसाव्या रात्री तिने अंधाराला विचारलं,
"तिकडे कुणी आहे का?"
नाही म्हणालो.
आणि क्षणभर वाटलं, हो म्हणालो असतो तर बरं झालं असतं.
त्यात निदान पुरुषासारखं काही होतं.

परत आल्यावर शौकतने सूकमधून मध आणला,
डबीवर वाघ.
जिममधला पोरगा म्हणाला, एक सुई टोच, घोडा होशील.
पण मी काट्यांचा माणूस.
सर्टिफिकेट नसलेलं काही
मी लाइनला जोडत नाही.

डॉक्टर इल्हाम, खार्तूमच्या,
पेशंटांकडून शिकलेलं हिंदी.
"सुबह उठते वक्त होता है?"
आज वारा आहे का, असं विचारावं तसं.
मी टेबलावरच्या स्टेपलरला म्हणालो, नाही. वर्षभर नाही.
रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी,
रात्रपाळी नसेल त्या दिवशी,
दुपारचा आकडा फसवतो म्हणाल्या.
आणि एकदा नाही, दोनदा.
तिथे मला त्या पटल्या.
एका रीडिंगवर मीही सही करत नाही.

सहा. मग पाच पॉइंट नऊ.
हवं होतं बाराच्या वर.
साखर वाढलेली. गळ्याभोवती टेप लावला, तोही वाढलेला.
घोरता का?
शौकतला फोन लावला, स्पीकरवर.
"मॅडम, डंपर रिव्हर्स घेतो."
त्या हसल्या, मीही हसलो,
किती महिन्यांनी ते मोजलं नाही.
आधी झोप तपासू, वजन उतरवू, रात्रपाळी बंद करू,
डोक्यातली ती वाटाण्याएवढी ग्रंथीही पाहू.
मूल हवंय?
हवंय, म्हणालो. आवाज आलाच नाही, पुन्हा म्हणालो.
मग इंजेक्शन आत्ता नाही.
बाहेरून माल यायला लागला
की आतला कारखाना कुलूप लावतो,
बीजसुद्धा बनायचं थांबतं.
त्याला दुसरी औषधं आहेत. घाई नाही.

कॉर्निशवर गाडी थांबवून तिला फोन केला.
ती लांज्याच्या पतपेढीत, कॅश मोजत होती बहुतेक.
सगळं सांगितलं. शब्द नव्हते तिथे आकडे सांगितले.
समोर मच्छीमार ओलं जाळं झटकत होता,
त्याच्याकडे बघत राहिलो.

"बाराच्या जागी सहा?"
हो.
"म्हणजे निम्मं."
हो.
"निम्मं म्हणजे शून्य नव्हे रे.
वर्षभर मी माझ्यात खोट शोधत बसले."

मग पलीकडे बराच वेळ
नोटा मोजायच्या यंत्राचा आवाज.
मला वाटलं, ठेवला तिने.

"उपाशीपोटी गेलेलास ना,
नंतर काही खाल्लंस का?"